खाली कोण धरलंय?

पटकथेच्या वर्गात आम्ही चौदा जण होतो. पहिल्या लघुपटाची पहिली पानं जमा झाली तेव्हा त्यातल्या नऊ जणांच्या नायकाला अलार्मने जाग येत होती, आणि त्या नवांपैकी सहा जण उठल्या उठल्या आरशात बघत होते. सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही सगळे एकाच घरात राहता का?" वर्ग हसला. मी जरा जास्तच मोठ्याने हसले, कारण माझाही माणूस उठून आरशात बघत होता.

माझी गोष्ट मात्र अलार्मची नव्हती. दोन भाऊ. आई गेली आहे, घर रिकामं करायचं आहे. थोरला आणि धाकटा बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आज दोघांना मिळून आईचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचं आहे, आणि जिन्याच्या वळणावर ते अडकतं. एवढंच. ही कल्पना मला आजही आवडते. तेव्हा तर मी तिच्यावर बेहद्द खूश होते. सुचली त्या रात्रीच अकरा पानं एका बैठकीत लिहून काढली. पहाटे शेवटच्या ओळीत 'अंधार' असा शब्द टाकला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुरस्कार घेताना काय बोलायचं याचा विचार करत झोपले.

सकाळी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर सोळा मिनिटं झाली. आम्हाला मर्यादा दहा मिनिटांची होती. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा हिशेब शिकवला होता, मग ही पाच मिनिटं आली कुठून? तो हिशेब ज्या पानाचा आहे ते इंग्रजी पान. कुरियर नावाचा टंक, आकार 12 पॉइंट, जुन्या टाइपरायटरसारखी प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी, एका इंचात बरोबर 10 अक्षरं. म्हणून एका पानाची दुसऱ्या पानाशी तुलना होऊ शकते. देवनागरीत 'र' सडपातळ आणि 'क्ष' ऐसपैस, वर वेलांट्या, खाली उकार. टंक बदलला की माझी अकरा पानं कधी नऊ व्हायची, कधी तेरा. नऊ झाली त्या टंकातच मी ती जमा केली, हेही सांगून टाकते.

दहा मिनिटं मला फार तोकडी वाटत होती. ऑस्कर देणारी अकादमी श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट म्हणते, हे मी तावातावाने सगळ्यांना ऐकवलं होतं. सरांनी एवढंच सांगितलं की 1895 मध्ये ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये लोकांना दाखवलेले चित्रपट प्रत्येकी पन्नासेक सेकंदांचे होते, कारण त्यांच्या यंत्रात रीळच तेवढं मावायचं. म्हणजे मला बारा चित्रपटांची जागा मिळाली होती आणि ती पुरत नव्हती.

मग वाचनाचा दिवस आला.

वाचनाचा नियम एकच. लेखकाने बोलायचं नाही. एक जण कृतीच्या ओळी वाचणार, दोघं पात्रं वाचणार, नंतर चर्चा होणार, आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने फक्त लिहून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

माझ्या चौथ्या पानावर हे होतं:

थोरला : आई शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून बसली होती. तू आला नाहीस.
धाकटा : तुझ्या अहंकाराने मला या घरातून हद्दपार केलं होतं!
थोरला : अहंकार? पंधरा वर्षं हा डोलारा मी एकट्याने सांभाळला, त्याला तू अहंकार म्हणतोस?

धाकट्याचे संवाद वाचणारा मुलगा 'हद्दपार'वर अडखळला. एकदा मागे गेला, पुन्हा अडखळला, आणि मग न सांगता त्याने ते वाक्य "तू मला घरातून घालवलंस" असं वाचून टाकलं. मी मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावले. लिहिलंय ते वाच ना! वहीत मात्र काहीच लिहिलं नाही. त्या दिवशीचा पहिला अभिप्राय तोच होता आणि मी तो टिपलाच नाही. वाचणाऱ्याला आपलं मन राखायचं असतं, म्हणून तो खोटं बोलू शकतो. जिभेला तेवढी सभ्यता नसते.

कृतीच्या ओळी वाचणारीची वेगळीच अडचण झाली. तिला वाचायला काही नव्हतं. तीन-तीन पानं ती गप्प बसून होती. मध्येच एकदा "थोरला सुस्कारा सोडतो" आलं तेव्हा ती दचकून जागी झाल्यासारखी वाचून गेली. असे सात सुस्कारे होते. पाचव्या सुस्काऱ्याला मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं.

वाचन संपलं आणि शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, "छान आहे."

'छान' हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. नव्या पडद्यांना छान, शेजाऱ्यांच्या बाळाला छान, पटकथेलाही छान. छान म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही, समोरच्याला विचारताही येत नाही. तीन जणांनी छान म्हटलं, एकीने "टची आहे" म्हटलं. माझ्या वहीत 'छान, छान, टची, छान' एवढंच जमा झालं होतं. मग खिडकीपाशी बसलेला एक मुलगा, जो सहसा बोलत नसे, अगदी प्रामाणिक कुतूहलाने म्हणाला, "हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत ना? मग नऊ पानं कोण बोलतंय?"

वर्ग हसला. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकट काढत बसले, कारण मान वर करायची सोय नव्हती.

त्यानंतर निर्मितीची बाजू शिकणारी एक मैत्रीण पुढे आली. चित्रीकरणाआधी पटकथेची चिरफाड करायची एक पद्धत असते. प्रत्येक पानाचे आठ भाग कल्पायचे आणि कुठलं दृश्य असे किती भाग व्यापतं ते मोजायचं, म्हणजे दिवसाला किती काम होईल याचा अंदाज येतो. मग रंगीत पेन्सिली घेऊन खुणा करायच्या: पात्रं लाल, हाताळायच्या वस्तू जांभळ्या, असं बरंच काही. तिने माझी प्रत रंगवून आणली होती. ती एकही शब्द वाईट बोलली नाही. फक्त पानं उलटून दाखवली. लाल, लाल, लाल. नऊ पानांत जांभळ्या रंगाची एकच वस्तू होती, कपाट. तेही पहिल्या पानावर आणि शेवटच्या. "मधे ते कुठे जातं?" तिने विचारलं. खरंच, मधे ते कुठे जात होतं? माझे भाऊ जिन्यात उभे राहून भांडत होते आणि दीडशे किलोचं लोखंड बहुधा हवेत तरंगत होतं.

सरांनी लाल-जांभळं काही केलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलने काही वाक्यांना गोल केले होते. "त्याला आईची आठवण येते." गोल. "अनेक वर्षांचा दुरावा त्या कपाटासारखाच दोघांच्या मधे उभा आहे." मोठा गोल, आणि समासात एक प्रश्न: 'कॅमेरा कुठे ठेवू?' त्या गोलातल्या वाक्याचा मला फार अभिमान होता. मग त्यांनी कुलेशोव्हचा प्रयोग सांगितला. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा घेतला आणि कधी सूपच्या वाडग्याला जोडून दाखवला, कधी शवपेटीला. बघणाऱ्यांना वाटलं, आता हा भुकेला आहे, आता हा दुःखी आहे. चेहरा बदललाच नव्हता. "म्हणजे आठवण येते हे तू लिहायचंच नाहीस," सर म्हणाले. "चेहरा लिही, आणि पुढे तो काय बघतो ते लिही. आठवण प्रेक्षकाला येऊ दे."

इथे मी नियम मोडला.

"सर, पण त्यात असं आहे की," म्हणून मी सुरू झाले. थोरला असा का, धाकटा का निघून गेला, आईचा ओढा कोणाकडे होता, कपाटात लहानपणी दोघं लपून बसायचे, एकदा धाकटा आत अडकला तेव्हा थोरल्याने दगडाने कुलूप फोडलं होतं आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. मी बोलतच राहिले. वर्ग पहिल्यांदाच पुढे झुकून ऐकत होता, मला वाटलं, जिंकले. माझं झाल्यावर सरांनी पानं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "कुलूप कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं.

दुसऱ्या खर्ड्याबद्दल फार बोलत नाही. त्यात मी सगळ्यांचं ऐकलं. कोणी म्हणालं फ्लॅशबॅक हवा, घातला. कोणी म्हणालं एक स्त्रीपात्र हवं, खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून डोकावू लागली. तिघांनी सांगितलं की शेवटी भावांनी मिठी मारावी, मारली. तेरा जणांच्या सूचना एकाच जिन्यात कोंबल्यावर कपाटाला हलायलाही जागा उरली नाही. वाचनात सगळे आपापली सूचना आली की मान हलवायचे आणि बाकी वेळ फोन बघायचे.

अभिप्राय घेता येत नव्हताच, पण मला तो देताही येत नव्हता, आणि ते जास्त महागात पडलं. मला नाही, दुसरीला. एका मुलीने बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलेल्या आजोबांची गोष्ट लिहिली होती. ते उतरतात, बाकावर बसतात, पुढच्या बसने परत जातात. सात मिनिटं. मला ती रेंगाळलेली वाटली. मी तिला बाजूला घेऊन तासभर उत्साहाने समजावलं: आजोबा कोणाची तरी वाट बघत असायला हवेत, एक चिठ्ठी असावी, बस चुकावी. तिने सगळं केलं. माझ्याकडे बोलण्याचा आव होता आणि तिच्याकडे संकोच, एवढ्या भांडवलावर मी तिच्या पटकथेत माझी पटकथा लिहून टाकली. नवा खर्डा नीटनेटका होता आणि त्यात ती कुठेच नव्हती. सर तो वाचून म्हणाले, "आधीच्यात ते बाकावर बसून बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायचे. ते का काढलंस?" तिने माझ्याकडे बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. ती लेस मी तिला काढायला लावली होती, म्हणे 'काही घडत नाही'.

तेव्हापासून कोणाचं लिखाण हातात आलं की "मी असते तर" हे शब्द ओठांवर येतात आणि मी ते गिळते. नेहमी जमतंच असं नाही.

तिसऱ्या खर्ड्याची मुदत दोन दिवसांवर आली तेव्हा मी घरी टेबलावर डोकं ठेवून बसले होते. बाबांनी पानं उचलली. बाबांचा आणि सिनेमाचा संबंध म्हणजे सिनेमा सुरू झाला की वीस मिनिटांत झोपणं. त्यांनी चष्मा लावून पहिलीच ओळ मोठ्याने वाचली: "अंतर्गत. जिना. दिवस." मग म्हणाले, "अंतर्गत जिना म्हणजे? अंतर्गत वाद असतो तसा?" मी सांगितलं, म्हणजे आतलं दृश्य. "मग 'आत' लिही की." ते पुढे वाचत राहिले. मिठीवर काही बोलले नाहीत, फ्लॅशबॅकवरही नाही. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"खाली कोण धरलंय?"

"म्हणजे?"

"कपाट उतरवताना एक जण खालच्या बाजूला असतो, एक वरच्या. यात खाली कोण आहे?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी त्या जिन्यात राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं. बाबा उठले, म्हणाले, चल. माझं लिहायचं टेबल आम्ही दोघांनी उचललं आणि जिन्यात नेलं. ते खाली, मी वर. टेबल तिरकं झालं त्या क्षणी माझ्या हातातलं वजन कमी झालं आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली दिसली. जिन्यात वजन खालच्याकडे घसरतं. शिवाय तो उलटा उतरत असतो, त्याला पायरी दिसत नाही. दिसते ती वरच्याला. बाबांचा पाय मागे हवेत गेला, चाचपडू लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पायरी." त्यांनी पाय टेकला. "अजून एक. आता डावीकडे घ्या. थांबा, थांबा, भिंत." ते काहीच बोलत नव्हते. बोलायला त्यांच्याकडे श्वास नव्हता.

वळणावर टेबलाचा खण सुटून बाहेर आला आणि माझ्या पेन्सिली खाली घरंगळत गेल्या. "दारं बांधली होती का तुझ्या भावांनी?" बाबांनी धापा टाकत विचारलं. "वळणावर उघडतात. दोरी लागते."

टेबल तसंच जिन्यात ठेवून मी पायरीवर बसून लिहायला लागले. जे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनी कपाट उचललं की त्यांना बोलावंच लागणार होतं. निदान वरच्याला. आणि त्याला बोलता येण्यासारखे शब्द फार तर पाच-सहा. थोरल्याने न विचारता खालची बाजू धरली, ही एक ओळ लिहिली आणि जुन्या खर्ड्यातली चार पानं, डोलाऱ्यासकट, फाडून टाकता आली. (शब्दशः फाडली. थोडी नाटकी आहे मी.)

तिसऱ्या खर्ड्यातला हा तुकडा:

थोरला जाऊन खालची बाजू धरतो. धाकटा क्षणभर बघत राहतो. मग वरची बाजू उचलतो.
चार पायऱ्या. कोणी बोलत नाही.
थोरल्याचा पाय मागे हवेत चाचपडतो.
धाकटा : पायरी.
थोरला पाय टेकतो.
धाकटा : अजून तीन.
दोन पायऱ्या. थोरला थांबतो. त्याचे हात थरथरतायत.
धाकटा : टेकव.
थोरला मान हलवतो. नाही.
धाकटा : टेकव रे, दादा.

'दादा' हा शब्द आधीच्या खर्ड्यात पहिल्या पानापासून होता, वीसेक वेळा तरी. इथे तो पहिल्यांदा येतो तो शेवटून दुसऱ्या पानावर. मिठी काढून टाकली. ती सुचवणाऱ्या तिघांपैकी एक जण अजूनही म्हणतो की शेवट कोरडा झाला, लोकांना काहीतरी द्यायला हवं होतं. कदाचित त्याचं बरोबर असेल. पण ज्यांचे हात कपाटाखाली अडकलेत त्यांनी मिठी मारायची कशी, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

पानं पाच झाली. वाचायला तीन मिनिटं लागत होती, पण मी आणि बाबा पुन्हा एकदा टेबल घेऊन जिना उतरलो तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं झाली. एक पान एक मिनिट हा हिशेब पुन्हा चुकला, आणि पुन्हा त्याच बाजूने.

वर्गात पुन्हा वाचन झालं. यावेळी कृतीच्या ओळी वाचणारीला पाणी प्यायला थांबावं लागलं, आणि संवाद वाचणारे दोघं कागदावर बोट ठेवून आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते. 'पायरी' म्हणताना धाकटा वाचणाऱ्या मुलाने आवाज इतका खाली आणला की मागच्या बाकावरचे पुढे सरकले. मी तसं लिहिलं नव्हतं. यावेळी मात्र मी ते टिपून ठेवलं.

वाचन संपल्यावर कोणी छान म्हणालं नाही. ध्वनी शिकणारा एक मुलगा बराच वेळ पेन दाताखाली धरून बसला होता. त्याने विचारलं, "कपाट रिकामं आहे की भरलेलं?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ते मिटलं.

"नाही, मला आवाज वेगळा लागेल म्हणून विचारतोय," तो म्हणाला. "रिकामं असेल तर पत्रा घुमतो. भरलेलं असेल तर घुमणार नाही, पण वळणावर तिरकं होईल तेव्हा आत काहीतरी सरकेल."

"काय सरकेल?" निर्मितीवालीने विचारलं. तिची जांभळी पेन्सिल हातात तयार होती.

"ते मला काय माहीत. पण सरकेल, आणि दोघांनाही ऐकू येईल."

खिडकीपाशी बसलेला तो मुलगा म्हणाला, "मग रिकामं कोणी केलं नाही? का केलं नाही?" आणि वर्गात एकदम दोन-तीन जण बोलायला लागले. थोरल्याने उघडलंच नसेल. किल्ली धाकट्याकडे असेल. किल्लीच नसेल, कुलूप मोडकं असेल, म्हणून दोरीने बांधलं असेल.

माझ्याजवळ यातलं एकही उत्तर नव्हतं. पानं संपली होती. मी शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घ्यायला लागले.